रूट कॅनाल आणि कॅप: मुंबईत २० हजार मोजण्याआधी

मुंबईत किडलेल्या दाढेचं रूट कॅनाल (आतली नस काढून मूळ साफ करून भरणं) आणि वर कॅप (दाढेवरचं कवच) हे काम आज साधारण १० ते २५ हजारांना पडतं. तीच दाढ काढून टाकायला हजार-दोन हजार पुरतात. ही तफावत ऐकली की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "कशाला एवढा खर्च? काढून टाक, मोकळी हो." दाढ ठणकत असते, हातात अंदाजपत्रक असतं आणि निर्णय एक-दोन दिवसांत घ्यायचा असतो. म्हणून हा आढावा: या पैशात नेमकं काय मिळतं, ते मुंबईत कुठे चांगलं मिळतं, पैसे कुठे वाया जातात आणि कोणत्या दाढेवर एक रुपयाही घालू नये.

कौल आधीच देऊन टाकणं बरं. कीड साफ केल्यावर हिरडीच्या वर दाताची भक्कम भिंत उरत असेल, तर रूट कॅनाल हा सगळ्या पर्यायांतला सर्वांत फायद्याचा सौदा आहे. पण पैसे मुळाच्या आतल्या कामाला द्यावेत, कॅपच्या चकाकीला नाही. आपल्याकडे होतं बरोबर उलटं. रूट कॅनालच्या दरात पाचशे-हजारांसाठी घासाघीस होते आणि मग १५ वर्षांच्या वॉरंटीचं कार्ड मिळतं म्हणून १५ हजारांची झिरकोनिया कॅप आनंदाने घेतली जाते. पुढे कॅप शाबूत राहते आणि खालचं मूळ सडतं.

रूट कॅनाल लागतंच का?

दाताचा वरचा थर म्हणजे कडक एनॅमल, त्याखाली पिवळसर डेंटिन आणि मधोमध पल्प, ज्याला आपण सरसकट 'नस' म्हणतो. कीड एनॅमलमध्ये असते तोवर दुखत नाही, डेंटिनमध्ये शिरली की थंड-गोड झोंबतं, नसेशी पोचली की ठणका लागतो. त्यामुळे फिलिंगवर भागेल की नाही याचा बराचसा अंदाज घरीच बांधता येतो.

थंड पाण्याने चमक आली आणि चार-पाच सेकंदांत गेली, तर नस अजून सावरण्याजोगी असते आणि फिलिंग पुरतं. कळ अर्धा-एक मिनिट रेंगाळते, गरम चहाने वाढते, रात्री आडवं पडलं की ठणका सुरू होतो आणि गोळीशिवाय झोप लागत नाही, अशी गत असेल तर ती नस पुन्हा बरी होत नाही. अशा दाढेत नुसतं सिमेंट भरून घेतलं तर दोन दिवसांत अपरात्री दवाखाना शोधायची वेळ येते. तिसरी अवस्था फसवी आहे. आठवडाभर ठणकणारी दाढ अचानक शांत होते, बरं वाटलं म्हणून अपॉइंटमेंट रद्द होते, आणि खरं तर नस मेलेली असते. आता थंड लागतच नाही, पण चावताना दाढ उंच झाल्यासारखी वाटते. पुढे हिरडीवर पुळी येते, फुटते, परत येते.

नीट काम करणारा डॉक्टर हे सगळं खुर्चीवर तपासून पाहतो. कापसाच्या छोट्या बोळ्यावर गार स्प्रे मारून तो बोळा आधी शेजारच्या निरोगी दाताला लावतो, मग दुखऱ्या दाढेला, आणि कळ किती वेळ राहिली ते विचारतो. नंतर आरशाच्या दांड्याने दाढेवर हलकेच ठोकतो. दोन मिनिटांचं काम आहे. हे न करता नुसत्या एक्स-रेवरून रूट कॅनाल सांगितलं तर दुसरं मत जरूर घ्यावं. एक्स-रे अर्धीच गोष्ट सांगतो. मुळाच्या टोकाशी हाडातलं बरंच खनिज गेल्यावरच तिथे काळी सावली दिसते, सुरुवातीचा संसर्ग दिसत नाही. आणि कीड नसेजवळ दिसली म्हणून नस गेलीच, असंही नाही.

खोल कीड आहे पण कळ रेंगाळत नाही, अशा दाढेत नसेवरचा किडीचा शेवटचा मऊ थर न खरवडता वर बायोडेंटिन किंवा एमटीए (नसेला जपणारी खास सिमेंटं) घालून फिलिंग करता येतं. याला साधारण दीड ते चार हजार लागतात. हे जमेलच अशी हमी नसते. पुढच्या काही आठवड्यांत ठणका लागला तर रूट कॅनाल करावंच लागतं, आणि डॉक्टरने ते आधी सांगायला हवं. तरुण माणसाच्या दाढेत हा प्रयत्न केल्याशिवाय नस काढू देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

केमिस्टच्या काउंटरवर ठणक्यासाठी अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक सर्रास मागितलं जातं. नसेच्या सुजेवर ते चालत नाही. आणि नस मेल्यावर दाताच्या आत रक्तपुरवठाच उरत नाही, मग औषध पोचणार कुठून? चेहऱ्यावर सूज किंवा ताप असेल तर अँटिबायोटिकचा उपयोग आहे, पण मुळातली घाण काढण्याच्या जोडीला. लवंगेच्या तेलाने तासाभराचा आराम पडतो. मिश्री दाबून किंवा अ‍ॅस्पिरिनची गोळी दाढेशी धरून हिरडी मात्र भाजून घेऊ नये. सूज जबड्याखाली उतरली, तोंड उघडेना, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला, तर दाताच्या दवाखान्याची वेळ पाहत बसू नये. केईएम, सायन, नायर, कूपर यांपैकी जे जवळ असेल तिथली कॅज्युअल्टी गाठावी. हे जिवावर बेतू शकतं.

दाढ वाचवण्याजोगी आहे का?

सगळा निर्णय या प्रश्नावर ठरतो आणि नेमका हाच विचारला जात नाही. कॅपने दाढ नीट धरायची तर सगळी कीड काढल्यावर हिरडीच्या वर चहूबाजूंनी निदान दीड ते दोन मिलिमीटर उंचीची शाबूत भिंत उरावी लागते. डॉक्टर तिला फेरूल म्हणतात. ही पट्टी असली की चावण्याचा दाब कॅपमधून दाताच्या भिंतीवर जातो. नसली की सगळा जोर आतल्या भरावावर आणि पोस्टवर, म्हणजे मुळात रोवलेल्या काडीवर, येतो. मग कॅप पोस्टसकट हातात येते, नाहीतर मूळ उभं चिरतं.

"भिंत नाही, पण पोस्ट टाकून दाढ मजबूत करू," असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबावं. पोस्ट दाताला मजबुती देत नाही, वरचा भराव धरून ठेवते, एवढंच तिचं काम. उलट ती बसवायला मूळ आतून आणखी कोरावं लागतं. भिंत आहे पण दोन बाजू पडल्यात, अशा वेळी फायबर पोस्ट योग्य. भिंतच नसेल तर तो पोस्टचा खर्चही पाण्यात.

म्हणून डॉक्टरला सरळ सांगावं: आधी कीड पूर्ण काढा, आतला फोटो दाखवा, मग रूट कॅनालचं ठरवू. तोंडात घालायचा छोटा कॅमेरा आता गल्लीतल्या दवाखान्यातही असतो. चांगला डॉक्टर याला कधीच नाही म्हणत नाही, कारण न टिकणाऱ्या दाढेवर काम करून त्याचंही नावच खराब होतं.

मूळ उभं चिरलेलं असेल, कीड मुळं जिथे दुभंगतात तिथवर उतरली असेल, किंवा हिरडीच्या आजाराने दाढ वर-खालीही हलत असेल, तर काढणं हेच शहाणपणाचं. अक्कलदाढेवर रूट कॅनालचा खर्च बहुतेक वेळा करूच नये. आणि शेवटची, म्हणजे पुढच्या मधल्या दातापासून मोजत सातवी दाढ, जिच्या समोरची दाढ आधीच गेली आहे? ती काढली तरी बाकीच्या दातांवर चावणं व्यवस्थित चालतं, तिथे २० हजार घालण्याचा आग्रह मला पटत नाही. सहाव्या दाढेचं मात्र वेगळं आहे. ती वयाच्या सहाव्या वर्षाच्या आसपास उगवते, म्हणून सगळ्यांत आधी किडते, आणि चावण्याचा मोठा भार तिच्यावर असतो. तिच्यासाठी शक्य ते सगळं करावं.

हाडांच्या ठिसूळपणासाठी बिस्फॉस्फोनेटची औषधं चालू असतील तर डॉक्टरला पहिल्याच भेटीत सांगायचं. अशा माणसांत दात काढल्यावर जबड्याचं हाड न भरून येण्याचा धोका असतो, त्यामुळे पारडं रूट कॅनालकडे झुकतं. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नये. मधुमेह असेल तर साखरेचा ताजा रिपोर्ट सोबत न्यावा.

काढलेल्या दाढेचं पुढचं बिल

काढायला हजार-दोन हजार, हा आकडा अपुरा आहे. मधली दाढ गेली की काही महिन्या-वर्षांत शेजारची दाढ रिकाम्या जागेत कलते, समोरची खाली उतरते, फटीत अन्न अडकून तिथे नवी कीड लागते. ती जागा भरायची तर तीन दातांचा ब्रिज साधारण १२ ते २० हजार, आणि त्यासाठी दोन्ही बाजूंचे चांगले दात घासावे लागतात. इम्प्लांट साधारण ३० ते ६० हजार. टायटॅनियमचा स्क्रू हाडात रुजायला तीन-चार महिने, कधी जास्त, आणि हाड कमी पडलं तर ग्राफ्टचा, म्हणजे हाडाची भर घालण्याचा, खर्च वेगळा. काढ-घाल करायची कवळी तीन-पाच हजारांत होते, पण एका दाढेसाठी ती फार कमी लोक नेमाने वापरतात. म्हणजे जागा भरायचीच असेल तर १५ हजारांचं रूट कॅनाल आणि कॅप बहुधा स्वस्तात पडतं. भरायची नसेल आणि ती शेवटची दाढ असेल, तरच काढणं खिशाला खरोखर परवडतं.

मुळाच्या आतलं काम: पैसे इथे वसूल होतात

दाढेचं रूट कॅनाल खुर्चीवर एकूण तास-दीड तास घेतं, एका बैठकीत किंवा दोन-तीन बैठकींत. पू वाहत असेल तर आत कॅल्शियम हायड्रॉक्साइड हे जंतू मारणारं औषध घालून आठवडा-दोन आठवडे थांबणं योग्य. मूळ कोरडं झालं तर एका बैठकीतही काम चांगलं होतं. 'सिंगल सिटिंग' म्हणजे भारी आणि तीन बैठका म्हणजे पैसे उकळणं, हा समज दोन्ही बाजूंनी चुकीचा आहे.

पहिली पायरी भूल. खालच्या दाढेची नस फार सुजलेली असेल तर नेहमीचं लिग्नोकेनचं इंजेक्शन ओठ बधिर करतं पण दाढ बधिर होत नाही. हे होतं, यात डॉक्टरचा हात वाईट असतोच असं नाही. आर्टिकेनचं जास्तीचं इंजेक्शन दाढेशेजारी देता येतं, आणि तेही कमी पडलं तर थेट नसेत. दात-ओठ खाऊन सोसत बसण्यापेक्षा हात वर करून थांबवावं. पोटाचा किंवा किडनीचा त्रास नसेल तर डॉक्टरला विचारून तासभर आधी आयबुप्रोफेन घेतल्यास भूल चढायला मदत होते.

मग रबर डॅम. सुमारे १५ सेंटीमीटरचा चौकोनी रबरी पडदा, त्याला एक भोक. त्यातून फक्त ती दाढ वर काढायची, तिच्या गळ्याला स्टीलचा छोटा क्लॅम्प बसवायचा आणि पडदा चेहऱ्यासमोर फ्रेमवर ताणायचा. पलीकडे जीभ, लाळ, घसा. अलीकडे कोरडी दाढ. याची किंमत दवाखान्याला किरकोळ पडते, तरी आपल्याकडे तो सगळ्यांत जास्त वगळला जातो, कारण लावायला पाच मिनिटं जातात. तो नसेल तर निर्जंतुक करायच्या मुळात लाळेतले जंतू शिरत राहतात, धुण्याचं द्रावण घशात उतरतं, आणि निसटलेली फाईल (मूळ साफ करायची बारीक सुई) गिळली जाण्याचा धोका असतो. फोनवर विचारण्याचा एकच प्रश्न निवडायचा तर तो हा: "रूट कॅनालला रबर डॅम लावता का?" उत्तर "गरज पडली तर" असं आलं, तर दुसरा दवाखाना पाहावा.

नसेची पोकळी उघडल्यावर मुळांची तोंडं शोधायची असतात. खालच्या सहाव्या दाढेत सहसा तीन किंवा चार कॅनाल, म्हणजे मुळातल्या नळ्या, असतात. वरच्या सहाव्या दाढेत बहुतेक वेळा चार, आणि चौथा गालाकडच्या पुढच्या मुळात लपलेला असतो. तो सुटला की रूट कॅनाल पुढे परत दुखू शकतं. शोधायला भिंगाचा चष्मा किंवा मायक्रोस्कोप लागतो, वेळ लागतो, आणि वरच्या दाढेसाठी तज्ज्ञाला दोन-तीन हजार जास्त देण्याचं खरं कारण हेच आहे.

कॅनालची लांबी अ‍ॅपेक्स लोकेटर नावाच्या यंत्राने मोजतात. ओठाला एक हुक अडकवतात, फाईल आत सरकत जाते तशी यंत्राची टिकटिक वाढते. पहिली १० नंबरची फाईल टोकाला ०.१० मिलिमीटरची, म्हणजे जेमतेम केसाएवढी असते. नंतर मशीनवर फिरणाऱ्या निकेल-टायटॅनियमच्या फाईलने कॅनाल रुंद करतात. या फाईल पुन्हा पुन्हा वापरल्या की थकतात आणि वाकड्या मुळात तुटतात. तुकडा आत राहिला म्हणजे दाढ गेलीच असं नाही. कॅनाल आधी चांगला साफ झालेला असेल तर तो तुकडा आत ठेवूनही दाढ टिकते. पण हे पेशंटला सांगून कागदावर लिहायला हवं. लपवलं तर डॉक्टर बदलण्याला ते कारण पुरेसं आहे.

खरी सफाई फाईल करत नाही, द्रावण करतं. सोडियम हायपोक्लोराइट सावकाश, पुन्हा पुन्हा आत सोडायचं, शेवटी ईडीटीए, म्हणजे भिंतीवरचा भुशाचा थर विरघळवणारं द्रावण. घाईच्या कामात इथेच वेळ कापला जातो, आणि खुर्चीवरच्या माणसाला ते कळतही नाही. फाईल दहा मिनिटांत फिरवून होतात, जंतू दहा मिनिटांत मरत नाहीत. म्हणूनच "अर्ध्या तासात दाढेचं रूट कॅनाल" ही जाहिरात मला अजिबात भरवशाची वाटत नाही.

शेवटी गुलाबी रबरासारखं गुट्टा-पर्चा सीलरसोबत भरतात आणि एक्स-रे काढतात. हा एक्स-रे मागून घ्यावा, व्हॉट्सअ‍ॅपवर आला तरी चालेल. तो कुणालाही वाचता येतो. प्रत्येक मुळात वरून खाली जाणारी पांढरी रेघ दिसली पाहिजे, मधे तुटक किंवा पोकळ नको, आणि ती मुळाच्या टोकाच्या आत दोन मिलिमीटरपर्यंत पोचलेली असावी. रेघ अर्ध्यातच थांबली असेल किंवा टोकाबाहेर लांब गेली असेल, तर कॅप बसवण्याआधी कारण विचारायचं. मूळ वाकडं, कॅनाल बुजलेला, अशी खरी कारणंही असतात. पण विचारण्याची वेळ तीच. एकदा कॅप चिकटली की पुन्हा आत जायला ती कापावी किंवा भोक पाडावं लागतं.

पहिले दोन-तीन दिवस चावताना दुखणं साहजिक आहे. चौथ्या-पाचव्या दिवशीही दाढ उंच लागत असेल तर निळा कागद चावायला लावून भराव घासून घ्यावा लागतो, पाच मिनिटांत होतं. दुखणं वाढत गेलं किंवा सूज आली तर थांबू नये.

कॅप: उशीर नको, उधळपट्टीही नको

दाढ शांत झाली की लोक दवाखान्याकडे फिरकत नाहीत. रूट कॅनाल झालेली दाढ कीड आणि ड्रिलिंगने आतून पोखरलेली असते, तिचे उंचवटे आधाराविना उभे असतात, आणि सुपारीच्या एका खांडाने ती मधोमध दुभंगते. वरचं तात्पुरतं सिमेंटही काही आठवड्यांपुरतंच असतं. ते झिरपायला लागलं की लाळ पुन्हा मुळात शिरते आणि सगळं काम फुकट जातं. पक्का भराव लगेच, कॅप दोन ते चार आठवड्यांत, असा हिशेब धरावा. पुढच्या दाताला फक्त मागून छोटं भोक पाडून रूट कॅनाल झालं असेल तर कॅपची सहसा गरज नसते, कंपोझिटने, म्हणजे दाताच्या रंगाच्या फिलिंगने, भागतं. तिथे कॅपचा आग्रह धरणाऱ्याला कारण विचारावं.

कोणती घ्यायची? हसताना न दिसणाऱ्या मागच्या दाढेला साधी धातूची कॅप उत्तम. ती दोन-साडेतीन हजारांत होते, दात कमी घासावा लागतो आणि तुटत नाही. निकेलची अ‍ॅलर्जी असेल तर कोबाल्ट-क्रोम मागावं. धातूवर सिरॅमिक चढवलेली कॅप, तिचाच डीएमएलएस (आतला धातू लेझरने घडवलेला) प्रकार, साधारण चार ते सात हजार. दिसायला बरी, पण वरचं सिरॅमिक कधी टवका उडून निघतं. अखंड झिरकोनिया आठ ते अठरा हजार. मजबूत आहे, दिसते छान, दिसणाऱ्या दाढेला घ्यायला हरकत नाही. वॉरंटीचं कार्ड मात्र नीट वाचावं. ती हमी कॅप फुटण्याची असते. कॅपखाली कीड लागली किंवा मूळ पुन्हा सडलं तर त्या कार्डाचा उपयोग नाही.

कॅप चिकटवण्याआधी ट्रायलला तीन गोष्टी पाहाव्यात. दोन्ही बाजूंनी फ्लॉस टचकन आत जावा; सैल सरकला तर जेवताना अन्न अडकणार. कडेवर फ्लॉस फाटला किंवा अडकला तर कड उघडी आहे, तिथे कीड शिरणार. आणि दात मिटल्यावर ही दाढ आधी टेकायला नको. यांत एक जरी चुकलं तरी कॅप लॅबला परत पाठवायला सांगावं, त्याला चार-सहा दिवस लागतात. "सवय होईल" हे उत्तर चालवून घेऊ नये.

मुंबईत कुठे

घराजवळच्या बीडीएस (दातांची मूळ पदवी घेतलेल्या) डॉक्टरकडे दाढेचं रूट कॅनाल साधारण चार ते सात हजारांत होतं, आणि सरळ मुळांची खालची दाढ असेल तर चांगला बीडीएस ते उत्तम करतो. मुंबईतल्या बऱ्याच लहान दवाखान्यांत रूट कॅनालचा तज्ज्ञ ठरलेल्या वारी बाहेरून येतो. पद्धत चांगली आहे, पण काम कोण करणार, तेच शेवटपर्यंत करणार का, आणि नंतर दुखलं तर कोण पाहणार, हे आधी विचारावं. दाढ एकाने उघडायची, भरायची दुसऱ्याने आणि फोन उचलायचा कुणीच नाही, असं व्हायला नको.

वाकडी मुळं, वरची दाढ, दुसऱ्यांदा करायचं रूट कॅनाल किंवा तुटलेली फाईल असेल तर एंडोडॉन्टिस्टकडेच, म्हणजे रूट कॅनालच्या तज्ज्ञाकडेच, जावं. आठ ते पंधरा हजार लागतात. नुसतं 'एमडीएस' ही पदव्युत्तर पदवी वाचून भुलू नये, दात सरळ करणाराही एमडीएसच असतो. पाटीवर कॉन्झर्व्हेटिव्ह डेन्टिस्ट्री अँड एंडोडॉन्टिक्स असावं, सोबत महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक. हत्यारांची पाकिटं आपल्यासमोर फोडली जातात का तेही पाहावं. ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून, निघालेल्या पाकिटावरची खूण रंग बदललेली असते.

साखळी दवाखान्यांच्या 'अमुक रुपयांपासून सुरू' या दरात बहुधा पुढचा एक मुळाचा दात असतो. दाढ, एक्स-रे, पोस्ट, भराव, कॅप वेगवेगळे वाढत जातात.

पैसे खरंच नसतील तर दाढ काढण्याआधी सरकारी पर्याय पाहावा. सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, दोन्हीकडे खर्च खासगीच्या मानाने अगदी थोडा. पदव्युत्तर विद्यार्थी काम करतात आणि टप्प्याटप्प्याला शिक्षक तपासतात, त्यामुळे कामाचा दर्जा बऱ्याच महागड्या दवाखान्यांच्या तोडीचा असतो. किंमत मोजायची ती वेळात. सकाळी लवकर केस पेपर, मग तपासणी आणि एक्स-रे विभाग, मग कॉन्झर्व्हेटिव्ह विभागाची तारीख, आणि अनेक खेपा. रोजंदारीवर काम करणाऱ्याला प्रत्येक खेपेचा खाडा हाही खर्चच आहे, तो हिशेबात धरावा. मुख्य अडचण पुढे येते: कॅप प्रोस्थोडॉन्टिक्स विभागात होते आणि तिथली रांग वेगळी. रूट कॅनाल चालू असतानाच तिथे नाव लावावं. तारीख फार लांबची मिळाली तर बाहेर साधी धातूची कॅप बसवून घ्यावी, म्हणजे थोडक्या पैशात वाचलेली दाढ वाट पाहताना दुभंगणार नाही. हार्बर लाइनवर राहणाऱ्यांना नेरूळचं डी. वाय. पाटील, तिथलंच तेरणा, कामोठ्याचं एमजीएम ही खासगी महाविद्यालयं जवळ पडतात. दर सरकारीपेक्षा जास्त, बाहेरपेक्षा कमी.

बिल

एकत्र पॅकेजपेक्षा सुटं अंदाजपत्रक लिहून घ्यावं: एक्स-रे, रूट कॅनाल, भराव, पोस्ट लागलीच तर ती, आणि कॅप, प्रकारासकट. सगळे पैसे आगाऊ देऊ नयेत. रूट कॅनालचे शेवटच्या एक्स-रेनंतर, कॅपचे अर्धे पैसे माप घेताना आणि उरलेले ट्रायल पसंत पडल्यावर. नेहमीच्या मेडिक्लेममध्ये अपघाताशिवाय दाताचा खर्च सहसा बसत नाही. ऑफिसच्या पॉलिसीत ओपीडीची सोय असेल तर पावतीवर दाताचा क्रमांक आणि उपचाराचं नाव लिहून घ्यायचं, नाहीतर क्लेम अडतो.

काम झाल्यावर सहा महिन्यांनी आणि वर्षाने एकेक साधा एक्स-रे काढावा, दोन-चारशे रुपयांचा. मुळाशी आधी सावली असेल तर ती कमी होत गेलेली दिसली पाहिजे. पूर्ण भरायला वर्षाहून जास्तही लागतं. तेवढीच राहिली आणि दुखत नसेल तर आणखी वर्षभर पाहता येतं. वाढली असेल तर रूट कॅनाल पुन्हा करायचं, की मुळाचं टोक शस्त्रक्रियेने कापायचं, की दाढ काढायची, हे ठरवायला पहिल्या दिवशीचा, भरल्यानंतरचा आणि आताचा असे तिन्ही एक्स-रे घेऊन तज्ज्ञाकडे जावं. दवाखाना बदलला, बंद झाला, तरी ते आपल्या फोनमध्ये असायला हवेत.